पंप केसेस किती, ते आधी सांगा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली

विषय : परफ्युजन अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांनी प्रवेशाआधी जाहीर करायची माहिती



बारावीचा निकाल आणि नीटचे गुण हाती आले की दरवर्षी माझा फोन वाजू लागतो. लातूर, परभणी, जळगाव, सावंतवाडी. कुणाचा तरी मामा, कुणाचे तरी सर कुठून कुठून नंबर मिळवतात आणि विचारतात, "मॅडम, मुलीचं एमबीबीएसचं काही जमत नाही. परफ्युजनला घालावं म्हणतोय. कुठलं कॉलेज बघू?" मी परफ्युजनिस्ट आहे. उमेदीची सगळी वर्षं हार्ट-लंग मशिनमागे गेली. तरी या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. कॉलेज निवडताना जी एक गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी, ती माझ्या हाती आलेल्या एकाही माहितीपत्रकात नसते. ती छापायला लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्या तिघांना, आणि जाहीरपणे.

ती गोष्ट अशी : या कॉलेजचा विद्यार्थी शिकून बाहेर पडेपर्यंत स्वतःच्या हातानं पंप किती वेळा चालवतो?

आमचं काम रुग्णाला दिसत नाही. तो भुलेत असतो. नातेवाइकांना सर्जनचं नाव माहीत असतं, फार तर भूलतज्ज्ञाचं. म्हणून थोडं विस्तारानं सांगते. झडप बदलायची असते किंवा जन्मतः असलेलं छिद्र शिवायचं असतं, तेव्हा हृदय थांबवून उघडावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम मशिन करतं, आणि मशिन परफ्युजनिस्ट चालवतो. अंगातलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात बसवलेल्या नळीतून उताराच्या जोरावर खाली रिझर्व्हॉयरमध्ये येतं. पंप ते ऑक्सिजनेटरमधून ढकलतो. तिथं प्राणवायू मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त हवं तेवढं गार किंवा गरम करता येतं. मग फिल्टरमधून गाळून ते महारोहिणीत परत पाठवायचं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन दिलेलं असतं. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, साधारण ४८० सेकंदांच्या वर गेल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंपावर जायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

मध्यम बांध्याच्या माणसाला पंपानं मिनिटाला साधारण चार लिटर रक्त द्यावं लागतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ६५ मिलिलिटर. रिझर्व्हॉयरमध्ये अर्धा लिटर रक्त आहे आणि वरून येणारी नळी कुठंतरी मुडपली, तर भांडं रिकामं व्हायला सात-आठ सेकंद पुरतात. त्यानंतर पंप हवा ओढू लागतो आणि ती हवा मेंदूपर्यंत जाऊ शकते. लेव्हल सेन्सर असतो, बबल डिटेक्टर असतो, अलार्म वाजतो, हे सगळं खरं. पण अलार्म वाजल्यावर फ्लो खाली आणणं, वेनस लाइनवर, म्हणजे त्या वरून येणाऱ्या नळीवर, नजर टाकणं आणि सर्जनला मोठ्यानं सांगणं, हे सगळं त्या सात-आठ सेकंदांत व्हावं लागतं. आठवून करायला वेळ नसतो. हाताला ते आधीच माहीत असावं लागतं. वीज गेली, बॅकअपनं दगा दिला, तर पंपाला हँडल लावून तो हातानं फिरवावा लागतो. किती वेगानं फिरवायचा हे ज्यानं एकदाही फिरवलेला नाही त्याला त्या क्षणी उमगणार नाही.

तान्ह्या बाळाचं काम याहून नाजूक. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त पाव लिटरच्या आसपास असतं. आमच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर भरायलाच तेवढा किंवा त्याहून अधिक द्रव लागतो. नुसतं सलाइन भरून पंप सुरू केला तर बाळाचं रक्त पार पातळ होऊन जाईल. म्हणून दात्याचं रक्त मिसळायचं, आणि ते किती, याचा हिशेब बाळाचं वजन आणि हिमोग्लोबिन घेऊन आधी कागदावर मांडायचा. हा हिशेब वर्गात शिकवता येतो. पुढचं सगळं पंपाशीच शिकावं लागतं. विहिरीच्या काठावर बसून पोहणं येत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

या विद्येचा जन्मच हातांच्या कामातून झाला. फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशिनच्या मदतीनं अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. त्या यंत्रामागं त्यांची पत्नी मेरी यांचेही प्रयोगशाळेतले वर्षानुवर्षांचे कष्ट होते. तेव्हा परफ्युजनिस्ट असा वेगळा पेशा नव्हता. आपल्याकडच्या जुन्या पिढीतले कितीतरी जण असेच सर्जनच्या हाताखाली शिकत तयार झाले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण एका गुरूला एक शिष्य, आणि शिष्य रोज पंपाशी. माझे गुरू त्यांतलेच. पहिल्या कित्येक केसेसना त्यांचा हात माझ्या हातावर असे. आता पदव्या आल्या, विद्यापीठं आली, परीक्षा आल्या. हे चांगलंच झालं, मला मागं जायचं नाही. पण पदवी देताना तो पंपावरचा हात सुटला असेल, तर तो परत आणण्याची जबाबदारी पदवी देणाऱ्यांची आहे.

आता माहितीपत्रकाकडे वळते. त्यात काय असतं? संलग्न रुग्णालय, इतक्या खाटा, इतक्या हृदयशस्त्रक्रिया, शंभर टक्के प्लेसमेंट. पालक खाटा आणि शस्त्रक्रियांचे आकडे बघून हरखून जातात. पण 'हृदयशस्त्रक्रिया' या शीर्षकाखाली काय काय मोजलेलं आहे, हे त्यांना कोण सांगणार? आपल्या देशात रक्तवाहिन्यांची बायपास फार मोठ्या प्रमाणावर धडधडत्या हृदयावर, पंपाविना होते. सर्जनच्या आणि रुग्णाच्या दृष्टीनं तो योग्य निर्णय असू शकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा केसमध्ये पंप कोपऱ्यात तयार उभा असतो आणि परफ्युजनिस्ट त्याच्या शेजारी. वर्षाला पाचशे बायपास करणाऱ्या रुग्णालयात पंपावरच्या केसेस शंभरही नसू शकतात. त्यात कॅथलॅबमधली वाढती कामं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र ही पूर्वी शिकाऊ मुलांची पहिली केस असायची. सोपी, लवकर संपणारी, हात बसवायला उत्तम. त्यांतली कितीतरी छिद्रं आता मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन बंद होतात. रुग्णाचं भलं झालं. शिकणाऱ्याची पहिली पायरी मात्र गेली, आणि त्याची भरपाई कशी करायची याचा विचार कुठं होताना दिसत नाही.

आणि पंप एकच असतो. त्यामागं उभं राहून चालवणारे हातही एकाचेच. समजा, एखाद्या रुग्णालयात वर्षाला खरोखर पंपावरच्या दोनशे केसेस होतात. समजा, अभ्यासक्रमाला वीस जागा आहेत. प्रत्येक केस विद्यार्थ्याच्या हाती दिली, अगदी तातडीची आणि रात्रीचीसुद्धा, तरी माणशी वर्षाला दहा येतात. प्रत्यक्षात गुंतागुंतीची केस कुठलाही जबाबदार वरिष्ठ विद्यार्थ्याकडे सोपवणार नाही, सोपवूही नये. म्हणजे दहाच्या पाच होतात. या मुलांचं लॉगबुक मग कशानं भरतं? मागं उभं राहून पाहिलेल्या केसेसनी.

एका मुलीचं सांगते. आमच्याकडे जागा निघाली होती, त्यासाठी ती आली होती. प्रथम श्रेणी, इंटर्नशिप पूर्ण, लॉगबुक जाडजूड. बोलण्यात हुशार, प्रत्येक औषधाची मात्रा तोंडपाठ. संध्याकाळी ओटी रिकामी झाल्यावर मी मुदत संपलेला एक ऑक्सिजनेटर आणि ट्यूबिंगचा संच काढून तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, जोड आणि प्राइम कर, म्हणजे द्रव भरून सगळी हवा काढ. रुग्ण नाही, घाई नाही. तिनं प्रत्येक भागाचं नाव बरोबर सांगितलं. जोडणी अडखळत का होईना, केली. रिंगर लॅक्टेट सोडलं. आणि मग हात थांबले. आधी कार्बन डायऑक्साइड सोडून नळ्यांतली हवा घालवायची, कारण तो वायू द्रवात लवकर विरघळतो, हे तिनं परीक्षेत लिहिलेलं असणार. पण ते करायचं राहिलं होतं. फिल्टर उलटा धरून त्यावर टिचक्या मारत चिकटलेले बुडबुडे वर सोडायचे असतात, ऑक्सिजनेटर तिरका करून ठोकावा लागतो, कोपऱ्यात दडून बसलेला मोहरीएवढा बुडबुडा उजेडाकडे धरून शोधावा लागतो. तिनं फिल्टर हातात घेतला आणि माझ्याकडं पाहत राहिली. मी लॉगबुक उघडलं. पानामागून पान, प्रत्येक नोंदीपुढं 'निरीक्षण'. खाली सही, शिक्का. "आम्ही सहा जण असायचो, मॅडम," ती म्हणाली, "सर म्हणायचे मागं उभे राहा, लाइनला पाय लागेल."

सरांचंही चुकलं नव्हतं. सहा मुलं त्या अरुंद जागेत कुठं उभी करणार? चूक ज्यांनी जागा मंजूर केल्या त्यांची. त्या मुलीच्या वडिलांनी फीसाठी कर्ज काढलं होतं. तिला आम्ही शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं आणि पहिल्यापासून शिकवलं. आज ती उत्तम काम करते. पण जे शिक्षण फी घेऊन द्यायचं होतं, ते तिला नोकरीत, कमी पगारात घ्यावं लागलं. तिच्या बरोबरच्या बाकीच्या पाच जणांचं काय झालं, मला माहीत नाही. त्यांतलं कुणी आज कुठल्यातरी गावातल्या रुग्णालयात पंपामागं एकटं उभं असू शकतं.

बाहेरच्या देशाचं उदाहरण उठसूट द्यायला मला आवडत नाही, पण इथं द्यायला हवं. अमेरिकेत परफ्युजनिस्टचं प्रमाणपत्र देणारं मंडळ विद्यार्थ्याला परीक्षेला बसवतं ते शिक्षणाच्या काळात किमान ७५ केसेस केल्यावरच. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही ते टिकवण्यासाठी दरवर्षी किमान ४० केसेस दाखवाव्या लागतात. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी यंत्रणा कॉलेजांना त्यांचे निकाल लोकांसाठी प्रसिद्ध करायला लावते. तिथला विद्यार्थी कॉलेज निवडताना हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू शकतो. आमच्या परभणीच्या मुलीनं काय शेजारी ठेवून बघायचं? इमारतीचे फोटो?

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. २०२१ साली संसदेनं सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत परफ्युजनिस्टचं नाव घातलं. आमच्या पेशाला पहिल्यांदाच देशपातळीवर कायद्यात जागा मिळाली, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. नवं महाविद्यालय, नवा अभ्यासक्रम, वाढीव जागा, यांपैकी कशालाही राज्य परिषदेची आधी परवानगी लागते, असं तोच कायदा सांगतो. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवणं बंद केलं. योग्यच केलं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

पण कायद्यात शिक्षणाचं माप तासांत आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. आमच्या कामाला हे माप अपुरं आहे. ओटीच्या दाराशी उभं राहिलं तरी तास भरतात. परफ्युजनच्या विद्यार्थ्यासाठी तासांच्या जोडीला केसेसचं माप लावा, आणि त्यात पाहिलेली केस, वरिष्ठाच्या देखरेखीखाली हातानं केलेली केस आणि लहान मुलाची केस यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवायला लावा. आकडा ७५ हवा की १०० हवा, हे ठरवायला या क्षेत्रातले ज्येष्ठ सर्जन आणि परफ्युजनिस्ट आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना बसवा. पण आकडा ठरवा. आणि जागा मंजूर करताना खाटा मोजू नका, पंपावरच्या केसेस मोजा. त्या भागिले ठरलेला किमान आकडा, येईल तेवढ्याच जागा.

यावर आक्षेप येईल, मला तो ठाऊक आहे. परफ्युजनिस्टांची टंचाई आहे, जागा कमी केल्या तर ती वाढेल. छोट्या शहरातली कॉलेजं बंद पडतील. टंचाई आहेच, मी नाकारत नाही. पण ती कागदावरच्या पदवीधरांनी भरून निघत नाही. आणि कॉलेजं बंद पडायचंही कारण नाही. ज्यांच्याकडे केसेस कमी, त्यांनी आपले विद्यार्थी केसेस आहेत तिथं काही महिने पाठवावेत. शासकीय आणि महापालिका रुग्णालयांत ऱ्हुमॅटिक तापानं खराब झालेल्या झडपांचे रुग्ण आजही येतात, आणि त्या केसेस पंपाशिवाय होत नाहीत. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांची ही परंपरा आहे. तिथल्या ओटीची दारं बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघडायची की नाही, हा केवळ एका शासन निर्णयाचा प्रश्न आहे. विद्यावेतन आणि राहण्याची सोय तेवढी करा. लातूरची मुलगी मुंबईत स्वतःच्या खर्चानं सहा महिने राहू शकणार नाही.

शासनाचा यात आणखी एक संबंध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा खर्च शासन करतं. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं ही योजना सुरू झाली तेव्हापासून, मुंबई-पुण्याला येणं न परवडणाऱ्या कितीतरी माणसांची ऑपरेशनं जवळच्या शहरात झाली. मी ते जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण पैसे शासनाचे, तर पंपामागं कोण उभं होतं हे विचारण्याचा हक्कही शासनाचा. केसच्या कागदपत्रांत सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यासोबत परफ्युजनिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. रुग्णालयं आपोआप शिकलेला माणूस शोधू लागतील, आणि कॉलेजांना तो तयार करावाच लागेल.

हे पत्र पालक आणि विद्यार्थीही वाचतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. आकडे जाहीर होईपर्यंत थांबू नका, स्वतः विचारा. प्रवेशाच्या खिडकीवर विचारू नका, तिथं सगळं छानच असतं. शेवटच्या वर्षाच्या किंवा इंटर्नशिपच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. आठवड्याला पंपावर किती केसेस होतात, आणि तुझ्या हातात आजवर किती आल्या? एका केसला किती जण आत असतात? लहान मुलांची ऑपरेशनं होतात का? शिकवणारे स्वतः पंप चालवतात की फक्त वर्ग घेतात? रुग्णालय कॉलेजचं आहे की कुणाशी करार आहे, आणि करार असेल तर तिथं आणखी कुठल्या कॉलेजची मुलं येतात? मुलं खरं सांगतात. त्यांचं लॉगबुक पाहायला मिळालं तर जरूर पाहा. पदवीचं विद्यापीठ कुठलं आणि अभ्यासक्रमाला राज्य परिषदेची परवानगी आहे का, हे लेखी मागा. आणि मुलीचा कल नक्की पाहा. हे काम उभ्यानं करायचं आहे, रात्री-अपरात्री करायचं आहे, आणि जेवायला कधी मिळेल ते सांगता येत नाही. एमबीबीएस हुकलं म्हणून इथं, एवढंच कारण असेल तर थोडं थांबा. मनापासून यायचं असेल तर यासारखं काम नाही, हे मी खात्रीनं सांगते.

महोदय, माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक कॉलेजकडून एक पान मागवा. मागच्या तीन वर्षांत पंपावर झालेल्या केसेस, त्यांत लहान मुलांच्या किती, पंपाविना झालेल्या बायपास वेगळ्या, मंजूर जागा, प्रत्येक विद्यार्थ्यानं हातानं केलेल्या केसेसची सरासरी, आणि पंप चालवणाऱ्या शिक्षकांची संख्या. ते पान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. खोटी माहिती दिली तर त्या वर्षीचे प्रवेश थांबवा. पुढच्या वर्षीची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी हे करा. ते पान तपासायला आणि केसेसची मापं ठरवायला माझ्यासारखे अनेक जण विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. बोलवा, आम्ही येऊ.

आपली,
महाराष्ट्रातील एक परफ्युजनिस्ट